‘नंतर’ नावाचं फोल्डर

जोगळेकर मॅडमनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढून काउंटरवर ठेवली आणि टॉवेल उलगडायचं काम माझ्यावर सोडलं.

"यात उन्मेषची फिल्म आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं मशीन गेलं. पुण्याला दोन ठिकाणी दाखवलं. एवढ्या जुन्या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत म्हणतात. ही डिस्क तेवढी चांगली आहे म्हणे."

मॅडमनी मला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं होतं. त्यांचे मिस्टर, उन्मेष सर, माहितीपट बनवायचे. दोन वर्षांपूर्वी ते हार्टअटॅकने गेले. चिपळूणच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर असेंबल करून देणारी दुकानं पाच-सहा होती, बाईचं माझं एकच. मॅडम माझ्याकडे आल्या त्या जुन्या ओळखीने, असंच मी धरून चालले.

मी डिस्क माझ्या मशीनला लावली. बऱ्याच खटपटीनंतर फायलींची नावं दिसली, पण फिल्मची मुख्य फाइल काही उघडेना. ती ज्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बनली होती ते एकाच कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालायचं, आणि कंपनीने ते केव्हाच बंद केलं होतं. नवीन कॉम्प्युटर आणला तर त्याच्या नव्या सिस्टीमवर ते चालणार नव्हतं.

"मग संपलं म्हणायचं?" मॅडमनी विचारलं.

"एक करता येईल. साधा कॉम्प्युटर जोडायचा आणि त्याच्यावर त्या कंपनीची जुनी सिस्टीम चढवायची. सुरू होताना ती सिस्टीम तपासते, आपण आपल्याच कंपनीच्या मशीनवर आहोत का. तिला खोटी ओळख दाखवायची."

"आणि तिला ते पटतं?"

"पटेपर्यंत प्रयत्न करायचा. पण आधीच सांगते, हे कंपनीच्या नियमात बसत नाही. काही बिघडलं तर कुणाकडे तक्रार करता यायची नाही. आणि चाललं तरी किती दिवस चालेल, ते मी सांगू शकत नाही."

"फिल्म पुरी होईपर्यंत चालू दे. मग बंद करून टाकू." मॅडमनी टॉवेलाची घडी घातली. "पुण्याचा त्याचा एक मित्र उरलेलं एडिटिंग करून देतोय. मार्चमध्ये अपघाताला नऊ वर्षं होतील. त्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवायची."

कुठला अपघात, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या भागात तो शब्द एकाच दिवसासाठी वापरतात. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला होता आणि तीन माणसं जागीच गेली होती. त्या पाळीचे शिफ्ट इनचार्ज माझे वडील होते, दत्ताराम भुवड. आगीत शिरून त्यांनी दोघांना बाहेर ओढून काढलं होतं. अजूनही बाजारात कुणी अनोळखी माणूस थांबून त्यांना नमस्कार करायचा.

चौकशीचा निकाल सगळ्यांना पाठ होता. रिअ‍ॅक्टर तापत होता, ऑपरेटर सुहास गुरवला थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं होतं, त्याने उघडला नाही. सुहास स्वतः त्यात गेला. त्याच्याबरोबर गेलेले दोघेही त्याच्याच वाडीतले होते. म्हणजे एका वाडीत तीन विधवा, आणि त्यांतल्या दोघी तिसरीच्या घराकडे पाहायच्या नाहीत. सुहासची बायको सुगंधा पाण्याला आली की विहिरीवरच्या बायका कळश्या उचलून बाजूला होतात, असं मी ऐकून होते.

त्या संध्याकाळी बाबा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. मी हातपाय धुता धुता सांगितलं, उन्मेष सरांच्या फिल्मचं काम आलंय म्हणून.

त्यांचा हात थांबला. "कुठली फिल्म?"

"अपघाताची. अर्धवट राहिली होती ना."

"ती मशीनबरोबर गेली, असं ऐकलं होतं मी."

"मशीन गेलं. डिस्क आहे."

त्यांनी एक सुपारी सोलून टोपलीत टाकली, दुसरी घेतली. "उघडेल ती?"

"बघू. अवघड आहे."

"अवघड असेल तर कशाला हात घालतेस? त्या बाईला उगाच आशा."

मला वाटलं, त्यांना तो दिवस पुन्हा नको असेल. कुणाला हवा असेल? मी आत जाऊन चहा ठेवला.

पुढचे बारा दिवस मी त्या मशीनमागे होते. मदरबोर्ड असा शोधायचा की ज्याची रचना त्या कंपनीच्या जुन्या मॉडेलशी जुळते. प्रोसेसर त्याच पिढीचा. ग्राफिक्स कार्ड तर त्या सिस्टीमला ओळखीचं असलेलंच हवं. ते कोल्हापूरच्या एका सायबर कॅफेवाल्याकडे जुन्यात मिळालं. सगळं बसवलं, पेन ड्राइव्हवरून सिस्टीम चढवायला घेतली, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या आणि मध्येच एका ओळीवर थांबायच्या. रोज निराळ्या ओळीवर. जगभरचे लोक हाच खटाटोप करून आपापले अनुभव इंटरनेटवर लिहून ठेवतात. त्यांतलं एकेक वाचायचं, फाइलमधला एक आकडा बदलायचा, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा थांबलेल्या ओळीकडे बघत बसायचं.

मला ते आवडत होतं, हे खरं सांगायला हवं. दुकानात बहुतेक काम प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढायचं आणि व्हायरस साफ करायचं. इतक्या वर्षांत डोकं लावावं असं काम पहिल्यांदा आलं होतं. मी जेवतानाही त्याच विचारात असायचे.

आणि बाबा रोज विचारायचे. "झालं का चालू?"

"नाही. आज आवाजाच्या चिपवर अडलं."

"मग सोडून दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "झालं का?"

एरवी त्यांनी माझ्या कामाबद्दल चार शब्द विचारले नव्हते. मी मनातून सुखावले होते.

तेराव्या दिवशी दुपारी, दुकानात कुणी नसताना, ओळी थांबल्या नाहीत. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग निळसर झाला, कोपऱ्यात तारीख आणि वेळ आली. 'या कॉम्प्युटरविषयी' म्हणून उघडून पाहिलं तर त्यात मशीन स्वतःला त्या कंपनीचं मॉडेल म्हणवत होतं. मी एकटीच हसले. जुनं सॉफ्टवेअर टाकलं, डिस्क जोडली आणि फिल्मची फाइल उघडली.

उघडली, पण सगळी पट्टी लाल. शूटिंगच्या तुकड्यांचा पत्ता हरवला होता. फिल्म कुठला तुकडा कुठे लावायचा ते लक्षात ठेवते, पण तुकडे नव्या मशीनवर नव्या जागी असल्यामुळे तिला सापडत नव्हते. एकेक फोल्डर दाखवून ते जोडून द्यावे लागतात, आणि योग्य तुकडा जोडला गेलाय का, हे चालवून पाहावं लागतं. उन्मेष सर व्यवस्थित माणूस. 'वाडी', 'दवाखाना', 'गेट', 'स्मशान', अशी फोल्डरं होती. मी एकेक जोडत गेले, लाल पट्टी निळी होत गेली. शेवटी एकच फोल्डर राहिलं. त्याचं नाव 'नंतर'. त्यात एकच तुकडा होता, अकरा मिनिटांचा.

मी तो चालवला. आमच्याच पोफळीच्या बागेत, पाटाच्या कडेला, बाबा बसले होते.

आधी त्यांचा आवाज येईना. आवाजाची जोडणी अजून कच्ची होती. ओठ हलताना दिसत होते. मी तेव्हाच बंद करायला हवं होतं का, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. मी सेटिंगमध्ये गेले, आवाज दुरुस्त केला आणि सुरुवातीपासून लावलं.

"सुहासने दोनदा फोन केला," बाबा म्हणत होते. "पहिल्यांदा म्हणाला, दत्ताभाऊ, टेंपरेचर चढतंय, बॅच बंद करूया. मी मॅनेजरला विचारलं. ते म्हणाले, चालू ठेवा, ऑर्डर आजची आहे. मी सुहासला सांगितलं, चालू ठेव. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा म्हणाला, पाणी सोडलंय पण येत नाही. येणार कुठून? पंप सकाळपासून दुरुस्तीला खोलून ठेवला होता. मला ठाऊक होतं ते. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब, बघतो."

कॅमेऱ्यामागून उन्मेष सरांचा आवाज आला, "आणि लॉगबुक?"

बाबांनी पाटात अडकलेला पाचोळा काढला. "तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. जुनं पान काढलेलं होतं, नवीन कोरं समोर ठेवलं. मॅनेजर बोलले तसं लिहिलं मी. ऑपरेटरला व्हॉल्व्ह उघडण्यास सांगितले, त्याने उघडला नाही. माझं अक्षर आहे, माझी सही आहे. ते म्हणाले, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मॅडमचा होता.

"काय गं, काही हललं का?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "अजून नाही."

शटर अर्ध्यावर ओढून मी घरी निघाले. चार वाजले असतील. बाबा बागेतून पोफळीची झापं ओढून आणत होते. मला त्या वेळी घरी पाहून त्यांनी झाप खाली ठेवलं आणि विचारलं नाही, की झालं का चालू.

"उघडलं," मी म्हणाले.

ते पडवीच्या पायरीवर बसले. मी उभीच राहिले.

"सगळं बघितलंस?"

"हो."

"मॅडमनी बघितलं?"

"नाही."

त्यांनी पंच्याने मान पुसली. "उन्मेष तीन महिने येत होता माझ्याकडे. कधी विचारलंन नाही काही. नुसता बसायचा. मग एक दिवस मीच म्हटलं, आण तुझा कॅमेरा. बोलून झाल्यावर त्याला सांगितलं, हे मी मेल्यावर दाखव. त्याने शब्द दिला." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला काय माहीत, तो आधी जाईल."

"बाबा, सुगंधाकाकी नऊ वर्षं…"

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. त्या कॅमेऱ्याला सांगितलं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पहिल्या महिन्यात बोललो असतो तर बोललो असतो. मग सत्कार झाला. मग लोक पाया पडायला लागले. तुझी आई सगळ्यांना सांगत फिरायची, आमच्या ह्यांनी दोघांना वाचवलं. वाचवलं हे खोटं नाही ना? मग त्यातून परत कसं फिरायचं, सांग तू."

मी खांद्यावरची पर्स पायरीवर ठेवली.

"नाही उघडलं असं सांग," ते म्हणाले. "माझी किती वर्षं राहिली? तेवढी जाऊ देत. मग खुशाल दाखव. उन्मेषचाही शब्द राहील."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी कॉम्प्युटरचा कोर्स करायचं म्हटलं तेव्हा, लग्न मोडून परत आले तेव्हा, दुकान काढलं तेव्हा, हा माणूस मला एका शब्दाने नाही म्हणाला नव्हता. मी त्यांच्या बाजूला पायरीवर बसले. झापं तशीच अंगणात पडून होती. रात्री आम्ही दोघंही जेवलो, आमटीत मीठ कमी झालं होतं, त्यांनी तसं सांगितलं आणि मी मिठाची वाटी पुढे केली.

सकाळी दुकानात गेले ती ठरवूनच. मशीन सुरू केलं. 'नंतर' फोल्डर उघडलं, तो तुकडा निवडला. खोडून टाकायचा नव्हता. स्वतःला सांगत होते, दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवायचा, घरी नेऊन कपाटात ठेवायचा, आणि बाबा गेल्यावर मॅडमच्या हातात द्यायचा. बाकीची फिल्म उघडली म्हणून सांगायचं. ती खोटी ठरत नव्हती. फक्त तिच्यात सुहास गुरव जसा नऊ वर्षं होता तसाच राहणार होता. मी दुसरी डिस्क जोडली.

"आहेस का?" दारातून मॅडमचा आवाज आला.

त्यांच्यामागे एक सडपातळ बाई उभी होती, हातात कापडी पिशवी, चपला बाहेर काढून आत आलेली. दुकानात कुणी चपला काढत नाही.

"ही सुगंधा. बाजारात भेटली. म्हटलं, मशीन कसं असतं ते तरी बघ."

मी घाईघाईने पडदा बंद केला. सुगंधाकाकी माझ्या वडिलांना ओळखत होती, मला नाही. मॅडमनी माझं नाव सांगितलं आणि 'दत्ताराम भुवडांची मुलगी' असं जोडलं तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला.

"दत्ताभाऊंची काय? बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत."

"त्यांच्याबद्दल हे नेहमी बोलायचे. दत्ताभाऊ असले पाळीला की काळजी नसते म्हणायचे."

मी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. उघड्या कॅबिनेटमधल्या तारा आणि फिरणारा पंखा वाकून बघत राहिली.

"उन्मेष सर आले होते माझ्याकडे," ती म्हणाली. "मी काय बोलले नाही. कॅमेरा बघून घाबरले. नंतर वाटलं, बोलायला हवं होतं."

"काय बोलला असतात?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"हेच. की ते विसरणाऱ्यातले नव्हते. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचे. मी हसायचे त्यांना. असा माणूस व्हॉल्व्ह विसरेल कसा?" तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण मी बायको. मी तसंच बोलणार. कोण धरणार माझं? धाकटीला शाळेत कोण काय बोललं तर ती मला येऊन विचारायची, आई, बाबांनी मुद्दाम केलं का. आता विचारत नाही. आता तिला तेच खरं वाटतं."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. ती ते पंख्याकडे बघत, रेशनच्या दुकानातल्या रांगेत बोलावं तसं बोलली.

"उघडलंय, मॅडम," मी म्हणाले.

"काय?"

"फिल्म. कालच उघडली. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मी दुसऱ्या डिस्कची तार काढली, सगळं बंद केलं आणि मशीन बांधायला घेतलं. रिक्षात ठेवताना त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, 'नंतर' नावाचं एक फोल्डर आहे, ते आधी तुम्ही एकट्याने बघा.

"त्यात कोण आहे?"

"बघा आधी."

"उन्मेष म्हणायचा, एक माणूस खरं बोललाय, पण ते वापरायची वेळ माझ्या हातात नाही," मॅडम हळू म्हणाल्या. "नाव मला त्याने कधीच सांगितलं नाही. ज्योत्स्ना, तुला…" तो माणूस कोण, ते त्यांना कळलं होतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "हे फिल्ममध्ये घ्यायचं की नाही, ते तू सांगशील तसं. उन्मेषने शब्द दिला होता, हेही त्यात आहे. शेवटी बोलतात ते."

"घ्या," मी म्हणाले.

बाबांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते उठून बागेत गेले आणि पाटाचं पाणी सोडून आले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. ताट वाढलं की जेवायचे, औषध ठेवलं की घ्यायचे. भांडण असतं तर मी भांडले असते.

मार्चमध्ये वाचनालयाचा हॉल भरला. बाबा आले नाहीत. मी मागच्या रांगेत बसले होते. पोफळीच्या बागेतला तुकडा सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. संपल्यावर दिवे लागले, लोक आपापल्या चपला शोधत बाहेर पडले. त्या वाडीतल्या दुसऱ्या दोन घरांतल्या बायका सुगंधाकाकीच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली, इतकंच दिसलं. माझ्याजवळून जाताना लोक मला वाट करून देत होते, जशी वाडीतल्या विहिरीवर सुगंधाकाकीला द्यायचे.

पुढे चौकशीची फाइल पुन्हा उघडली, निकालातलं ते वाक्य काढलं गेलं, ते व्हायला दोन वर्षं लागली. बाजारात बाबांना नमस्कार करणारे लोक रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. मग त्यांनीच बाजारात जाणं सोडलं. हॉलमधल्या त्या दिवसानंतर ते साडेपाच वर्षं जगले. सुगंधाकाकीला आणखी तेवढं थांबायला लावून मी त्यांचा शब्द राखू शकले असते. हा हिशेब मी अजूनही करते आणि तो दर वेळी एकाच ठिकाणी येत नाही.

फिल्म दाखवल्यावर आठवडाभराने, सकाळी दहाच्या सुमाराला, सुगंधाकाकी आमच्या अंगणात आली. मी दुकानाला निघत होते. बाबा पडवीत बसले होते. तिला बघून ते उठले, भिंतीला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता ती बोलेल. नऊ वर्षांचं काय काय बोलेल, आणि आम्ही ते ऐकून घ्यायला हवं.

ती पायरीच्या खाली थांबली. "भाऊ, एक विचारायचं होतं. तुमच्याशिवाय कोण सांगणार नाही."

बाबांनी मान हलवली.

"त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला होता का?"

बाबांचा हात भिंतीवरून खाली आला. त्यांना काय विचारलंय, हे कळायला वेळ लागला.

"सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "भांडण पण कसलं, मुलीच्या गणवेशावरून. डबा उचलून रागाने गेले. कंपनीतून नंतर सामान आलं त्यात डबा नव्हता. जेवले की तसेच गेले, ते मला कुणी सांगितलं नाही. विचारू कुणाला? मला कोण जवळ करत होतं?"

"खाल्ला," बाबा म्हणाले. "साडेबाराला. माझ्यासमोर बसून. तांदळाची भाकरी होती, आणि सुक्या जवळ्याची चटणी. अर्धी भाकरी मला दिली त्याने. म्हणाला, आज बायकोला राग आलाय, तरी चटणी चांगली झालीय."

सुगंधाकाकीने पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि पुन्हा खाली सोडलं.

"तिखट झाली होती का?"

"थोडी."

"व्हायची रागात," ती म्हणाली.

बाबांना आणखी काही बोलायचं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. तिने हात वर करून त्यांना थांबवलं. "नको भाऊ. ते मी ऐकलंय पडद्यावर. ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा. माफबिफ मला करता येणार नाही. एवढंच विचारायला आले होते."

ती वळली आणि अंगणातून चालू लागली. कुंपणाच्या बेड्यापर्यंत पोचली असेल तेव्हा बाबा माझ्याकडे बघून बोलले, दीड महिन्यांनी पहिल्यांदा.

"उन्हाची आलीय ती. छत्री घे आणि रस्त्यापर्यंत सोडून ये."

मी छत्री घेऊन तिच्या मागे गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण पाऊल हळू केलं. छत्री दोघींना पुरत नव्हती. एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही तशाच चालत गेलो.